बाण खोटं बोलतो

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. समितीत विनोबाही होते. या समितीने नई तालीम या नावाने ओळखल्या गेलेल्या नव्या शाळेचा दिवस अक्षरशः मिनिटांत मोजून दिला. एकूण साडेपाच तास. त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला तीस, मधल्या सुट्टीला दहा. आणि शारीरिक शिक्षणाला? तिथेही दहाच.

दहा मिनिटांत वीस मुलांच्या धनुष्यांना दोऱ्याही चढवून होत नाहीत. मग धनुर्विद्येच्या प्रकरणाची सुरुवात सेवाग्रामच्या नई तालीमपासून कशाला? शिवाय गांधींच्या गावाचं नाव बाणाशेजारी पाहून काहींच्या भुवया उंचावतील, त्या उंचावू द्याव्यात. शाळेतल्या मैदानावरचा बाण तणसाच्या भाऱ्यापलीकडे कोणाला इजा करत नाही, निदान करू नये. मला त्या वेळापत्रकात रस आहे तो तीन तास वीस मिनिटांसाठी. हाताला एखादी गोष्ट कशी शिकवायची, याचा इतका बारीक विचार आपल्याकडे क्वचितच कागदावर उतरला असेल.

हस्तोद्योगांतली पहिली वस्तू होती टकळी. लहान मूल टकळी फिरवून पेळूतून धागा ओढू लागतं. हात घाईने गेला की धागा तुटतो. पीळ कमी पडला की तो सुटतो, जास्त पडला की त्याचे वेटोळे होतात. शेजारी बसलेल्या शिक्षकाने तोंड उघडायच्या आतच धाग्याने चूक सांगितलेली असते, आणि ती बिनचूक सांगितलेली असते. वाईट हाताने चांगला धागा निघाला, असं कधी होत नाही.

बाणाचं नेमकं इथे फिस्कटतं. पाय वाकडे टाकून, धनुष्य मुठीत आवळून, दोरीला हिसका देऊन सोडलेला बाणही अधूनमधून थेट मधल्या पिवळ्या वर्तुळात जाऊन बसतो. डाव्या हाताच्या चुकीने बाण एका बाजूला वळला आणि बोटांच्या चुकीने दुसऱ्या, दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या, झाले दहा गुण! मुलगा उड्या मारतो, बाकीची पोरं टाळ्या वाजवतात आणि त्या क्षणी तो मुलगा चुकीची गोष्ट पक्की शिकतो. उलट, सगळं नीट करूनही बाण कडेच्या पांढऱ्यात जाऊ शकतो. पिसं झिजलेली असतात, शाळेच्या भात्यातले दोन बाण सारखे नसतात, वारा सुटलेला असतो. नवशिक्याशी बाण सर्रास खोटं बोलतो. धनुर्विद्येच्या पहिल्या काही महिन्यांतलं सगळं शिकवणं म्हणजे हे खोटं मुलाच्या कानापर्यंत पोचू न देण्याची खटपट असते.

ही खटपट अंतरापासून सुरू होते. ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या, धनुष्याने ७० मीटरवरून बाण मारतात. समोरचा कागद १२२ सेंटिमीटर व्यासाचा, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. थोडी त्रिकोणमिती केली तर दिसतं, की बाणाची दिशा अर्ध्या अंशाने चुकली की तो कागदाच्या बाहेर, आणि दहा गुण हवे असतील तर अंशाच्या विसाव्या भागाइतकी चूक चालते. तोच कागद १० मीटरवर लावला तर साडेतीन अंशांपर्यंतची चूक कागदावर बसते. म्हणजे जवळ उभं राहिलेल्या मुलाला सातपट माफी. पहिल्या दिवशी मुलाला तीस मीटरवर उभं करणाऱ्या शिक्षकाला ते मूल बाण मारण्यापेक्षा बाण शोधायलाच जास्त शिकेल, हे कळायला वेळ लागत नाही. त्यातून आमच्या वर्ध्याकडची काळी माती! पावसाळ्यात तिच्यात तिरपा घुसलेला बाण पिसांसकट गडप होतो आणि मग अख्खा वर्ग वाकून गवत चाचपत बसतो.

म्हणून पहिले धडे पाच ते दहा मीटरवर. त्याच्याही आधी, धनुष्य हातात येण्यापूर्वी, शिट्टी शिकायची. जगभर एकच पद्धत आहे: दोन शिट्ट्या म्हणजे मारणाऱ्यांनी रेषेवर यायचं, एक म्हणजे सुरू करायचं, तीन म्हणजे थांबून बाण काढायला जायचं. पाच किंवा अधिक शिट्ट्या ऐकू आल्या की जिथे आहात तिथे, दोरी ओढलेली असली तरी सावकाश सैल करून, बाण काढून ठेवायचा. मैदानात कुत्रं शिरलं, बकरी आली, कोणी सायकलवरून आडवा निघाला, तर हीच शिट्टी वाजते. गावच्या मैदानावर ती बऱ्याचदा वाजते. मारण्याची रेषा एक, तिच्या मागे काही अंतरावर थांबण्याची दुसरी. दोन्ही चुन्याने आखायच्या. चुन्याची रेषा मुलं मानतात, काठीने ओढलेली मानत नाहीत. का ते मला सांगता येत नाही, पण तसं होतं.

सर्वांत जास्त धोका बाण उडताना असतो, असं पालकांना वाटतं. तो बाण काढायला जाताना असतो. भाऱ्यात रुतलेल्या बाणांची मागची टोकं लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, आणि आपला बाण कुठे लागला ते बघायला मुलं धावत सुटतात. म्हणून धावायचं नाही, कधीच नाही. बाण काढताना एक तळवा कागदावर दाबायचा, दुसऱ्या हाताने बाण कागदाजवळ धरून सरळ मागे ओढायचा, आणि ओढण्याआधी आपल्या मागे कोणी उभं नाही ना, ते वळून पाहायचं. आणखी एक नियम: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्याच्याच अंगात शिरते आणि बांबू तडकतो. गंमत म्हणून केलेला तो एक टणत्कार शाळेला एका धनुष्याला पडतो.

मग डोळा. दोन्ही तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी करून मुलाला दूरच्या झाडाच्या शेंड्याकडे बघायला सांगायचं आणि एकेक डोळा मिटायला लावायचं. ज्या डोळ्याने शेंडा खिडकीतच राहतो तो त्याचा मुख्य डोळा. साधारण दोन-तृतीयांश लोकांचा तो उजवा असतो. उजव्या डोळ्याची मुलं धनुष्य डाव्या हातात धरतात. अडचण होते ती उजवा हात आणि डावा डोळा अशा जोडीची. माझ्या मते अशा मुलाला पहिल्याच दिवशी डोळ्याच्या बाजूने वळवावं. आई म्हणेल, ‘तो तर उजव्याच हाताने लिहितो हो!’ लिहू दे की. दोरी ओढायची सवय अजून कुठल्याच हाताला नाही, तेव्हा दोन्ही हात सारखेच अडाणी आहेत.

पहिलं धनुष्य हे खरं म्हणजे धनुष्य नसतंच; रबरी पट्टा असतो, सायकलच्या ट्यूबचा असला तरी चालतो. त्याने उभं राहणं, हात उचलणं, ओढणं आणि थांबणं शिकतात. उभं राहणं ही आपल्या जुन्या ग्रंथांचीही आवडती गोष्ट. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात समपाद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशी उभं राहण्याची नावं येतात. आजच्या नवशिक्याला त्यातलं साधंसुधं पुरतं: रेषेच्या दोन बाजूंना दोन पाय, खांद्यांइतकं अंतर, वजन दोन्हींवर सारखं, अंग लक्ष्याला काटकोनात.

धनुष्याचा हात मात्र शिकवायला कठीण. कारण वस्तू हातात आली की ती घट्ट धरायची, हे आपल्याला जन्मापासून येतं. धनुष्य धरायचं नसतं. दोरी ओढल्यावर ते स्वतःच तळव्याच्या अंगठ्याकडच्या मांसल भागावर येऊन टेकतं. बोटं सैल. मूठ आवळली की सुटण्याच्या क्षणी मनगट मुरडतं आणि बाण बाजूला जातो. बरेच प्रशिक्षक बोटांना धनुष्याभोवती एक नाडी बांधून देतात, म्हणजे ते पडण्याची भीती जाते आणि मूठ आपोआप सुटते. त्याच हाताचं कोपर. काही मुलांचं, विशेषतः मुलींचं, कोपर सरळपेक्षाही थोडं आत वळतं. सुटलेली दोरी मग दंडाखाली सटकन बसते आणि निळा वळ उठतो. आर्म गार्ड बांधलेलं असूनही मूल पुढच्या वेळी दोरी सुटण्याआधीच हात आखडून घेतं. भीती एकदा बसली की महिनाभर जात नाही. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात कोपर खालून बाहेरच्या बाजूला फिरवायला शिकवलेलं बरं.

दोरी ओढायला तीन बोटं: तर्जनी बाणाच्या वर, मधलं आणि अनामिका खाली. अंगठा तळव्यात दुमडलेला, त्याला काहीच काम नाही. एकलव्याची गोष्ट ऐकून आलेली मुलं इथे हमखास विचारतात, ‘सर, मग त्याचं काय बिघडलं असतं?’ प्रश्न रास्त आहे. अंगठ्याने दोरी ओढायची पद्धत मध्य आशियापासून जपानपर्यंत होती, तिथे बऱ्याच ठिकाणी अंगठ्यात कडं घालत. आज मैदानावर जे शिकवलं जातं ते तीन बोटांचं तंत्र युरोपकडून आलेलं. द्रोणाचार्यांच्या दुसऱ्या गोष्टीविषयी माझी जरा तक्रार आहे. झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा दिसतो, असं सांगणारा अर्जुन प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतो. पण ती परीक्षा होती, आणि ती बऱ्याच शिक्षणानंतर घेतलेली. नवशिक्याच्या पहिल्या तासाला ती गोष्ट सांगितली की पोरगं डोळे फाडून समोर बघत राहतं आणि त्याचे खांदे कानाला जाऊन भिडतात.

पहिल्या महिन्यात पाहायची जागा वेगळीच आहे. दोरी ओढून हात चेहऱ्यापाशी कुठे येऊन थांबतो, ती जागा. प्रशिक्षक तिला अँकर म्हणतात. साध्या बांबूच्या धनुष्याला तर्जनी ओठांच्या कोपऱ्यावर, नेम धरायची साइट लावलेल्या रिकर्व्हला हात जबड्याखाली आणि दोरी हनुवटीला व नाकाच्या शेंड्याला. जागा कुठलीही असो, दर वेळी तीच हवी. कारण तिथे बाणाचं मागचं टोक असतं. बाण साधारण ७० सेंटिमीटरचा धरा. हात एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला तर १० मीटरवर बाण सुमारे १४ सेंटिमीटरने हलतो, ७० मीटरवर पूर्ण एक मीटरने. गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. समरूप त्रिकोण कशाला शिकायचे, हे विचारणाऱ्या मुलाला उत्तर त्याच्याच ओठांच्या कोपऱ्यावर मिळतं. नई तालीमवाल्यांना हे आवडलं असतं. हातातल्या कामातून गणित काढायचं, हाच तर त्यांचा आग्रह होता.

आता ते खोटं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे समोर कागदच लावायचा नाही. तणसाचा किंवा चिंध्या ठासून भरलेल्या बारदानाचा कोरा भारा तीन मीटरवर ठेवायचा आणि त्यात बाण मारायचे. चुकणं शक्य नाही, जिंकणंही शक्य नाही. बाणाला खोटं बोलायला जागाच उरत नाही, आणि मुलाचं लक्ष नाइलाजाने स्वतःच्या अंगाकडे येतं. जपानच्या क्युदो परंपरेत तर हे धनुष्याच्या लांबीइतक्या अंतरावरून चालतं. १९२०च्या दशकात सेंदाईला तत्त्वज्ञान शिकवायला गेलेला जर्मन प्राध्यापक ओयगेन हेरिगेल आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकला, आणि खऱ्या लक्ष्यासमोर उभं राहण्याआधी त्याची वर्षं पेंढ्यासमोर गेली. त्याने त्यावर लिहिलेलं छोटं पुस्तक जगभर गाजलं. पुस्तकातला गूढपणा किती गुरूचा आणि किती दुभाष्यामुळे झालेला, यावर जपानी अभ्यासक यामादा शोजी यांनी नंतर बरंच खोदकाम केलं. पेंढा मात्र खरा होता.

दक्षिण कोरियात प्राथमिक शाळेतली मुलंही बाणाला हात लावण्याआधी बराच काळ नुसतं उभं राहणं आणि ओढणं गिरवतात. त्या देशाच्या महिला संघाने १९८८पासून २०२४पर्यंतचं प्रत्येक ऑलिम्पिक सांघिक सुवर्ण जिंकलं आहे, सलग दहा. हा आकडा ऐकला की आपल्याकडच्या उत्साही पालकांना आणि काही प्रशिक्षकांनाही वाटतं, की आपणही पोरांना सहा महिने पेंढ्यासमोर उभं करावं. इथे मी असहमत आहे. कोरियातलं मूल निवडून, ठरवून त्या वाटेला आलेलं असतं. सेवाग्रामसारख्या गावातली पाचवीतली मुलगी शाळा सुटल्यावर, घरी पाणी भरायच्या आधीचा पाऊण तास घेऊन आलेली असते. तिला पंधरा दिवस नुसता पेंढा दाखवला तर सोळाव्या दिवशी ती कबड्डीकडे जाईल, आणि तिचं बरोबरच असेल.

अमेरिकेत केंटकी राज्यात २००२ साली शाळांसाठी जो धनुर्विद्येचा कार्यक्रम सुरू झाला, त्याने हे गणित चांगलं सोडवलं. एकच प्रकारचं धनुष्य, कोणत्याही उंचीच्या मुलाला चालणारं, कमी ताकदीचं. अकरा टप्प्यांची एक ठरलेली कृती. आणि हे सगळं शारीरिक शिक्षणाच्या नेहमीच्या तासाला, सगळ्या वर्गाला. मूल पहिल्याच दिवसांत बाण मारतं, पण टप्पे म्हणत म्हणत मारतं. मला वाटतं आपल्या शाळांनी मधला रस्ता धरावा: तासाचा पहिला मोठा भाग कोऱ्या भाऱ्यासमोर आणि शेवटची दहा मिनिटं फुगे. फुगा फुटला की फुटला, गुण नाहीत, नोंद नाही. (झाकीर हुसेन समितीची ती दहा मिनिटं अशी उपयोगी पडतात.)

शिकवणाऱ्याने बोलायचं कसं, यावर मानसशास्त्रात चांगलं काम झालेलं आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर लोकांना शिकवून पाहिलं. काहींना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायांखालच्या यंत्राच्या चाकांकडे. दुसरा गट जास्त चांगलं शिकला. त्यानंतर अनेक खेळांत हेच दिसत आलं: शरीराच्या अवयवाचं नाव घेऊन केलेली सूचना माणसाला अडखळवते, शरीराबाहेरच्या एखाद्या गोष्टीवर दिलेली सूचना सोपी पडते. धनुर्विद्येत याचा उपयोग रोज होतो. ‘खांद्यामागचे स्नायू आवळ’ असं बारा वर्षांच्या मुलाला सांगून काय होणार? त्याला ते स्नायू कुठे आहेत हेच माहीत नसतं. ‘कोपराने मागच्या कडुनिंबाला ढकल’ म्हटलं की ते स्नायू आपोआप कामाला लागतात. ‘मनगट सैल सोड’ म्हणण्याऐवजी ‘बाण सुटल्यावर धनुष्य पुढे पडू दे’. आणि एका वेळी एकच सूचना. ओढलेल्या दोरीवर थरथरणाऱ्या मुलाला मागून चार गोष्टी सांगणारा शिक्षक मी पाहिला आहे. मुलाने काय करावं, तर घाबरून दोरी सोडून द्यावी.

थरथर दिसली की सूचनेने काही होत नाही, धनुष्यच बदलावं लागतं. धनुष्याची ताकद आपल्या मेट्रिक देशातही पाउंडांत मोजतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बारा ते सोळा, मोठ्या नवशिक्याला अठरा ते वीस पाउंड पुरे. ओढून, अँकरला थांबून, सावकाश दहा मोजेपर्यंत हात हलला नाही तर धनुष्य योग्य. आपल्याकडे उलटं होतं. जास्त ताकदीचं धनुष्य म्हणजे जास्त मर्दपणा, अशी समजूत मुलांत असते आणि ती मोठ्यांकडूनच आलेली असते. चाळीस-पन्नास पाउंड ओढणारे पुरुष खेळाडू वर्षानुवर्षं तिथवर चढत गेलेले असतात.

नीट सुटणं जमू लागलं, म्हणजे दोरी सोडल्यावर हात हवेत फेकला न जाता मानेच्या कडेने मागे सरकू लागला, की मग कागद लावायचा. तेव्हाही गुण मोजायचे नाहीत. तीन बाण मारायचे आणि ते एकमेकांच्या किती जवळ पडले, एवढंच बघायचं. एका मुलाचे तिन्ही बाण डाव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्यात, पण एका मुठीत मावतील इतके जवळ. शेजारच्या मुलाचा एक पिवळ्यात, एक काळ्यात, एक जमिनीत. पहिल्या मुलाला शाबासकी द्यायची, हे दुसऱ्या मुलाला पटवणं हे शिक्षकाचं अवघड काम आहे. पटवायचं असं: पहिल्याची चूक साइट हलवून एका मिनिटात जाते. बाण जिकडे पडतात तिकडे साइट सरकवायची. वर पडत असतील तर वर, डावीकडे असतील तर डावीकडे. मुलांना हे उलटं वाटतं, करून पाहिलं की पटतं. दुसऱ्याला सरकवायची म्हटली तर कुठे सरकवणार? बाणांचा झुबका हीच नवशिक्याच्या बाबतीतली टकळीच्या धाग्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. एकटा बाण खोटं बोलू शकतो, पण सहा बाण मिळून सहसा बोलत नाहीत.

अंतर वाढवतानाही एक हिशेब लक्षात ठेवावा. नवशिक्याच्या हलक्या धनुष्यातून बाण सेकंदाला सुमारे ४० मीटर वेगाने सुटतो. १० मीटरला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात तो ३० सेंटिमीटर खाली येतो. २० मीटरवर सव्वा मीटर. ३० मीटरवर पावणेतीन मीटर! अंतर तिप्पट, घसरण नऊपट. दहावरून एकदम तीसवर नेलेल्या मुलाला आपण सगळं विसरलो असं वाटतं, ते यामुळे.

महाराष्ट्रात हे सगळं कागदावर राहिलेलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव हा शेतमजुराचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून क्रीडा प्रबोधिनीत आला तो धावण्यासाठी. धनुर्विद्येच्या निवडीत त्याने दहा मीटरवरच्या कड्यात बांबूचे दहा चेंडू टाकून दाखवले, अशी हकीगत त्याच्या बाबतीत सांगतात. पुढे तो अमरावतीच्या प्रबोधिनीत प्रफुल्ल डांगे यांच्याकडे, म्हणजे सेवाग्रामपासून शंभरएक किलोमीटरवर, घडला. २०१९मध्ये जागतिक स्पर्धेत भारतीय पुरुष संघाला रौप्य मिळालं, त्या संघात तो होता. टोकियोत त्याने तेव्हाच्या जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गाल्सन बझारझापोव्हला ६-० असं हरवलं आणि पुढच्याच फेरीत ब्रॅडी एलिसनकडून तसाच ६-० हरला. चेंडू टाकून निवड करण्यात मोठं शहाणपण होतं. त्या परीक्षेत धनुष्य नव्हतं, ताकद नव्हती. तीच हालचाल दहा वेळा तशीच करता येते का, एवढंच पाहिलं होतं.

दुसरी जागा साताऱ्याची. तिथे प्रवीण सावंत यांची दृष्टी अकादमी उसाच्या शेतांत उभी राहिली. गणित शिकवणाऱ्या शिक्षकाची मुलगी अदिती स्वामी तिथे शिकली, आणि नागपूरचा ओजस देवतळेही पुढच्या तयारीसाठी विदर्भ सोडून तिथेच गेला. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, एकाच दिवशी, दोघंही कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या, प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजसने अंतिम सामन्यात पंधरापैकी पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले, १५० विरुद्ध १४९. कंपाऊंडचं दहाचं वर्तुळ ५० मीटरवर ८ सेंटिमीटरचं असतं, चहाच्या बशीहूनही लहान. एका जिल्ह्यातल्या एका शेतातून एकाच दिवशी दोन जगज्जेते निघाले, यात नशिबापेक्षा पद्धतीचा वाटा मोठा असावा.

निवडीची दुसरी पद्धतही आपण वापरून पाहिली आहे. १९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी भागांत जाऊन, शिकारीत धनुष्य वापरणारी मुलं निवडली. राजस्थानचा लिंबा राम त्यातूनच आला आणि ऑलिम्पिकपर्यंत गेला. मेळघाटच्या कोरकू मुलांबद्दलही ‘यांच्या रक्तातच आहे’ असं सहज बोललं जातं. हे कौतुक मला थोडं धोक्याचं वाटतं. तितर टिपणारा शिकारी दर वेळी वेगळं उभा राहतो, वेगळ्या अंतरावरून मारतो, एकच बाण मारतो. मैदानावर बहात्तर बाण तसेच्या तसे मारायचे असतात. त्याची नजर आणि धीर कामाला येतो, बाकीचं त्यालाही पेंढ्यासमोर उभं राहूनच शिकावं लागतं. रक्ताचं नाव घेतलं की प्रशिक्षक नेमायची आणि मैदान द्यायची जबाबदारी टळते, एवढा एक फायदा मात्र असतो.

मैदान मोठं लागत नाही. सेवाग्राम-वर्ध्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सराव सकाळी साडेसहा ते आठ. अशा वेळी पूर्वेकडे तोंड करून मारायचं म्हटलं तर सूर्य थेट डोळ्यांत. म्हणून लक्ष्य उत्तरेला ठेवायचं. स्पर्धांचा नियमही उत्तर गोलार्धासाठी हाच आहे. लक्ष्याच्या मागे रस्ता नको, पायवाटही नको. मातीचा उंच बांध हवा. भाऱ्यासाठी भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तणस सर्वांत चांगलं, दोरखंडासारखं पिळून, गुंडाळून, ठोकून बसवलेलं. ते मिळालं नाही तर बारदानात शिंप्याकडच्या चिंध्या. सोयाबीनचं कुटार वापरू नये, बाण आरपार जातो.

धनुष्याचं काय? देशातल्या स्पर्धांमध्ये इंडियन राऊंड नावाचा एक प्रकार आहे, त्यात बांबूचंच धनुष्य असतं. काही हजारांत मुलाचा संच होतो, आणि बुरुडकामाचा हात असलेला माणूस गावात असेल तर दुरुस्तीही गावातच. अडचण याच्या पुढे आहे. बांबूवर चांगलं शिकलेल्या मुलाला राष्ट्रीय पातळीच्या पुढे जायचं तर रिकर्व्ह किंवा कंपाऊंड लागतं, आणि स्पर्धेच्या दर्जाचा परदेशी संच लाखांच्या घरात जातो. इंडियन राऊंड ऑलिम्पिकमध्येही नाही, आशियाईतही नाही. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी, झुबका नीट पडू लागलेला असताना, मूल थांबतं. एका जिल्ह्यात सामायिक वापरासाठी चार-पाच रिकर्व्ह संच ठेवले, तर निदान कोणाला पुढे न्यायचं ते कळेल. वेगवेगळ्या ताकदीच्या भुजा त्याच मुठीला बदलून लावता येतात, त्यामुळे एकाच मुठीवर सहावीतली मुलगी सकाळी चौदा पाउंडांवर आणि दहावीतला मुलगा संध्याकाळी अठ्ठावीसवर सराव करू शकतो. फक्त बाण ज्याचे त्याचे वेगळे लागतात: लहान मुलीचा बाण मोठ्या मुलाच्या धनुष्याला लावला तर सुटताना तो गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि धनुष्याला घासून बाजूला जातो, आणि मग इतक्या मेहनतीने नीट केलेला झुबका पुन्हा फुटतो.